दिवाळी अंकातला बंद पडलेला कोड

प्रश्न: "आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. सगळा बेदाणा सौद्याला न नेता त्यातला थोडा माल दोन वर्षांपासून मी घरीच निवडते आणि पाव-अर्धा किलोची पाकिटं करून थेट गिऱ्हाइकांना पाठवते. यंदा धीर करून जाहिरात दिली. एका दिवाळी अंकात पाव पान घेतलं आणि पुण्यात कोथरूडला पेपरातून पाच हजार पत्रकं टाकली. डिझाइन करणारा मुलगा म्हणाला, 'काकू, आता नंबर कोण लावतंय, सगळे स्कॅनच करतात.' म्हणून दोन्हीकडे मोठ्या हौसेनं क्यूआर कोड छापला. पत्रकावरच्या कोडात मधोमध आमचं द्राक्षाच्या घडाचं चिन्हही घातलं. दिवाळी झाली. ऑर्डर आल्या अकरा, त्याही सगळ्या फोनवरून. एका बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, की तुमच्या अंकातलं ते स्कॅन उघडतच नाही. मी करून पाहिलं तर इंग्रजीत पाटी येते, की हा कोड बंद आहे, चालू करायचा तर पैसे भरा. मालक म्हणतात पैसे पाण्यात गेले, पुढच्या वर्षी हे चौकोन नकोत. कागदावर या कोडचा खरंच काही उपयोग असतो का?"
एक वाचक, तासगाव तालुका

ताई, पत्राबरोबर तुम्ही अंकातलं ते पान आणि एक पत्रक जोडलंत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र वाचून मी काहीतरी सर्वसाधारण उत्तर दिलं असतं. काल रात्री दोन्ही कागद टेबलावर पसरले आणि भिंग-पट्टी घेऊन बसलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: उपयोग असतो, चांगला असतो, आणि पुढच्या वर्षीही कोड जरूर छापा. यंदा तुमचे दोन्ही कोड निकामी होते, आणि दोघांची दुखणी वेगवेगळी आहेत. ज्यांनी जाहिरात वाचून फोन हातात घेतला, कॅमेरा धरला, तेही तुमच्यापर्यंत पोचू शकले नाहीत. अकरा ऑर्डर आल्या त्या ज्यांनी एवढं होऊनही नंबर शोधून लावला त्यांच्या. म्हणजे तुमच्या मालाला मागणी आहे, हे मालकांना सांगा.

अंकातल्या कोडपासून सुरुवात करतो, कारण खरा घात तिथे झाला.

कोड दोन प्रकारचे असतात. स्टॅटिक कोडात पत्ता थेट त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच लिहिलेला असतो. त्याला मुदत नसते, कोणाची वर्गणी नसते, कागद टिकेल तोवर तो वाचता येतो. डायनॅमिक कोडात तुमचा पत्ता नसतोच. त्यात असतो कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा पत्ता. गिऱ्हाईक आधी तिच्या दारात जातं आणि ती त्याला पुढे तुमच्याकडे पाठवते. यात सोय मोठी आहे. छापून झाल्यावरही पुढचा पत्ता बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं. पण वर्गणी थांबली की कंपनी पुढे पाठवणं थांबवते. अशा अनेक ठिकाणी पहिले काही दिवस फुकट असतात, आणि ते 'काही दिवस' बारीक अक्षरात लिहिलेले असतात.

तुमच्या पत्रावरून दिसतं, की जाहिरात सप्टेंबरात तयार झाली आणि अंक बाजारात आला ऑक्टोबरात. फुकटची मुदत या मधल्या काळात संपली. अंक वाचकाच्या हातात पडला त्याच दिवशी कोड मेलेला होता. डिझाइन करणाऱ्या मुलानं सप्टेंबरात तो तपासला असणार, तेव्हा तो सुरळीत उघडला असणार, म्हणून त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. त्याच्यावर रागावू नका. फुकट कोड शोधला की जे पहिलं समोर येतं ते त्यानं घेतलं, त्याच्या वयाचा कोणीही तेच करेल.

आता यावर काय करायचं? दिवाळी अंक भाऊबीजेला संपत नाही. वाचनालयात तो होळीपर्यंत या हातातून त्या हातात फिरतो, घरी बैठकीत पडून असतो, पाहुणे चाळतात. तुमचं पान अजून वाचलं जातंय. म्हणून त्या कंपनीची एका महिन्याची वर्गणी किती ते आधी बघा. चार-पाच महिन्यांचे पैसे पाव पानाच्या खर्चाच्या मानानं थोडे असतील तर भरून टाका आणि कोड सरळ तुमच्या व्हॉट्सॲपकडे वळवा. फक्त वर्षाचीच वर्गणी घेत असतील आणि ती भारी पडत असेल, तर सोडून द्या. आणि एक: खात्याचा पासवर्ड मुलाकडे असेल तर तो आजच तुमच्याकडे घ्या. छापलेल्या कागदाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवायची नाही.

पुढच्या वर्षासाठी मात्र एक खर्च करा, असं मी हात जोडून सांगेन. स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घ्या, म्हणजे डोमेन. बेदाण्याच्या एका पेटीहून कमी पैशांत वर्षभरासाठी मिळतो. त्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन छोटी छोटी उपनावं करता येतात: दिवाळी अंकासाठी एक, पत्रकासाठी एक, पाकिटावर एक. प्रत्येक उपनाव तुम्हाला हवं तिकडे वळवता येतं. डायनॅमिक कोडची सगळी सोय मिळते, आणि मधला दरवान राहत नाही. वळवणी करून देणाऱ्याला एवढंच सांगा, की ती ३०२ प्रकारची ठेव, ३०१ नको. ३०२ म्हणजे तात्पुरती वळवणी, ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर. फोन ते लक्षात ठेवू शकतो, आणि मग तुम्ही पुढे पत्ता बदललात तरी जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी जाऊन उभं राहतं. आणि डोमेनचं नूतनीकरण कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा हेच रामायण.

आता पत्रक. हा कोड स्टॅटिक आहे, जिवंत आहे, पण वाचता येत नाही. माझ्या फोननं तिसऱ्या प्रयत्नाला, टेबललॅम्पखाली कसाबसा ओळखला. घरातल्या दुसऱ्या, जुन्या फोनला तो अजिबात कळला नाही. भिंगाखाली मी त्याचे ठिपके मोजले. एका बाजूला ७३ ठिपके, आणि कोडची पूर्ण रुंदी दीड सेंटिमीटर. म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला मिलिमीटरचा पाचवा भाग. पत्रकाच्या स्वस्त कागदावर शाई थोडी पसरतेच, त्यात हे ठिपके एकमेकांत मिसळून गेले आहेत. ते दाणे पाण्यात भिजून फुगल्यासारखे दिसतात.

७३ कशामुळे झाले, ते ऐकण्यासारखं आहे, कारण आपल्या मराठी माणसांचीच ही अडचण आहे. कोडात किती अक्षरं भरायची त्यावर ठिपक्यांची संख्या ठरते. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ ठिपक्यांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा, आणि मधली प्रत्येक पायरी चार-चार ठिपक्यांनी वाढते. तुमच्या कोडात व्हॉट्सॲपचा पत्ता आहे आणि त्याला एक तयार निरोप जोडलेला आहे: 'मला बेदाणे हवे आहेत'. कल्पना उत्तम. गिऱ्हाइकाला काही टाइप करावं लागत नाही. पण वेबपत्त्यात देवनागरी सरळ बसत नाही. आपलं एकेक अक्षर, एकेक काना-वेलांटी, तिथे नऊ-नऊ रोमन चिन्हांची होते. 'नमस्कार' हा एवढासा शब्द पत्त्यात ६३ चिन्हं खातो. तुमचं चार शब्दांचं वाक्य जागांसकट १५३ चिन्हं झालं. व्हॉट्सॲपचा मूळ पत्ता आणि नंबर मिळून फक्त २६ चिन्हं होती!

त्यावर द्राक्षाचा घड. क्यूआर कोडाला थोडी इजा झाली तरी तो वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची माहिती आधीच भरून ठेवलेली असते. तिच्या चार पायऱ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. मधोमध चित्र घालायचं म्हणजे तेवढा भाग आपण मुद्दाम बुजवतो, म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यात वरची, ३० टक्क्यांची पायरी घेतं. पायरी वाढली की ठिपके वाढले. घड काढून १५ टक्क्यांची पायरी घेतली असती तर हाच निरोप ५७ ठिपक्यांत बसला असता. देवनागरी वाक्यही काढलं असतं तर नुसता नंबर २५ ठिपक्यांत. त्याच दीड सेंटिमीटरात प्रत्येक ठिपका तिप्पट मोठा झाला असता आणि अंधाऱ्या जिन्यातसुद्धा वाचता आला असता.

मग मराठी निरोप सोडून द्यायचा? अजिबात नाही. तो गिऱ्हाइकाला आपलेपणानं बोलतो, तो हवाच. फक्त तो कोडात भरायचा नाही, वळवणीत ठेवायचा. कोडात तुमच्या डोमेनचा छोटा पत्ता, आणि तो उघडला की पुढे सगळं मराठीत. हेही स्वतःच्या डोमेनमुळेच जमतं.

घडाचं चिन्ह कोडाच्या शेजारी छापा, पोटात नको. आणि कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन, तुमच्या डिझायनरनं ते गोल करून टाकलेत, ते पुन्हा चौकोनी करा. त्या तीन चौकोनांची एक गोष्ट मला फार आवडते. १९९४ साली जपानात डेन्सो वेव्हमध्ये (तेव्हा तो डेन्सो कंपनीचा एक विभाग होता) मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. यंत्राला कोड चटकन सापडावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात अशी खूण हवी होती, जी छापील मजकुरात सहसा येत नाही. म्हणून त्यांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असा छापील कागदांचा ढीग तपासला आणि काळ्या-पांढऱ्याचं क्वचित आढळणारं प्रमाण शोधून काढलं: एक, एक, तीन, एक, एक. त्या चौकोनावरून कुठूनही आडवी रेघ मध्यातून न्या, काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा याच प्रमाणात सापडतो. पत्रकांच्या गर्दीत उठून दिसावी म्हणूनच जन्माला आलेली ही खूण आहे. सजावटीसाठी तिला हात लावला, की काही फोन चाचपडतात.

कोडाच्या भोवती चारही बाजूंना चार ठिपक्यांच्या रुंदीएवढी कोरी जागा लागते. तुमच्या पत्रकात तिथपर्यंत नक्षी आली आहे. आणि रंग: मोहरीसारख्या पिवळ्यावर तपकिरी. डोळ्याला गोड दिसतं, पण तो तपकिरी रंग चार शाया एकावर एक छापून बनतो, आणि प्रेसवर रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी ठिपक्यांच्या कडा धुरकट होतात. प्रेसवाल्याला एकच वाक्य सांगा: कोड फक्त काळ्या प्लेटवर, के शंभर (म्हणजे शंभर टक्के काळी शाई), खाली कोरा पांढरा. काळ्यावर पांढरा असा उलटाही नको. बाकीच्या पानावर हवे तेवढे रंग उधळा. आणि कोडची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो दाबला जातो आणि कडा फुटतात. पीडीएफ किंवा एसव्हीजी मेलनं पाठवा.

हे झालं छपाईचं. यापेक्षा मोठं मला जे वाटतं ते आता सांगतो.

आपल्याकडे दुकानात लोक विचारतात, "स्कॅनर कुठाय?" आणि दुकानदार पुढे करतो तो हाच चौकोन. २०१६ साली यूपीआय आलं, आणि पुढच्या काही वर्षांत भाजीवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत हे कोड लागले. आपल्या माणसाच्या मनात हा चौकोन म्हणजे पैसे द्यायची जागा. त्यातून फसवणुकीच्या बातम्या रोज कानावर येतात, त्यामुळे अनोळखी कागदावरचा कोड बघून हात आखडतो, आणि तो आखडायलाच हवा. तुमच्या पत्रकावर कोडाखाली तीनच शब्द आहेत: 'येथे स्कॅन करा'. कशासाठी करू? आत काय आहे? पैसे जाणार का? कोथरूडमधल्या एखाद्या आजींनी सकाळी चहा घेताना ते पत्रक वाचलं, बेदाणा त्यांना हवाही होता, पण या तीन प्रश्नांचं उत्तर मिळालं नाही म्हणून कागद रद्दीत गेला.

तिथे असं लिहा: 'आजचा भाव बघा, व्हॉट्सॲपवर मागवा. इथे पैसे भरायचे नाहीत.' एवढी ओळ कोडाइतकीच ठळक हवी. तिच्याखाली तुमचा वेबपत्ता अक्षरांत छापा. स्कॅन केल्यावर पान उघडण्याआधी फोन सहसा पत्ता दाखवतो. कागदावर छापलेला आणि फोनवर दिसणारा पत्ता एकच असला की माणूस निर्धास्तपणे बोट ठेवतो. कुठल्यातरी परक्या कंपनीचं आखूड, अगम्य नाव दिसलं तर तो फोन खिशात घालतो.

जाहिरातीत पैसे घ्यायचा यूपीआय कोड छापू का, असं तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय. नको. कोणी पैसे पाठवेल आणि पत्ता कळवायला विसरेल, मग पाकीट कुठे पाठवायचं? शिवाय दोन कोड शेजारी शेजारी आले की कॅमेरा कुठला पकडेल याचा नेम नाही. आधी बोलणं, मग भाव, मग पैसे, हाच क्रम ठेवा. एका कागदावर एक कोड, एका कोडाचं एक काम.

एका कामाचा कोड कसा असतो ते पाहायचं असेल तर आपल्या राज्यातल्या घरांच्या जाहिराती बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे राज्यातल्या घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणानं, बिल्डरांना जाहिरातीत प्रकल्पाचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं केलं. न छापल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. तो कोड स्कॅन केला की त्या प्रकल्पाची महारेराकडची नोंद उघडते: परवानग्या, मुदत, प्रगती. जाहिरातीत जलतरण तलाव नि बागा कितीही रंगवलेल्या असोत, घर घेणारा माणूस त्या चौकोनातून खरी माहिती बघतो. कागदावर जे मावत नाही आणि वाचणाऱ्याला जे खरोखर हवं आहे, ते कोडामागे असावं. तुमच्या बाबतीत ते काय आहे? आजचा भाव, कारण तो हंगामागणिक बदलतो आणि छापता येत नाही. हिरवा, पिवळा, काळा यांतला कुठला शिल्लक आहे. आणि पुण्यात किती दिवसांत पोचेल. एवढंच. तुमचा पत्रकावरचा कोड व्हॉट्सॲपला जातो ते ठीकच आहे. अंकातला कोड मात्र चालू असता तरी फेसबुकच्या पानावर जाणार होता, आणि तिथे गेलेल्या माणसाला आधी खातं उघडायला सांगितलं जातं, मग तुमचे मागच्या वर्षीचे गणपतीचे फोटो दिसतात. भाव कुठेच नाही. कोडामागचं पान साधं ठेवा: एक फोटो, तीन भाव, एक हिरवं बटण. गावाकडच्या नेटवर्कवर ते पटकन उघडलं पाहिजे.

आकाराबद्दल एक ठोकताळा आहे, तो बहुतेक वेळा बरोबर येतो: जितक्या लांबून स्कॅन होणार त्याचा दहावा भाग कोडाची रुंदी. अंक किंवा पत्रक माणूस फूटभर अंतरावर धरतो, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर कोड हवा. पाव पानात तेवढी जागा निघते, द्राक्षांचा फोटो थोडा आवरावा लागेल. तुम्ही तासगाव-सांगली रस्त्यावर फ्लेक्स लावायचं म्हणताय. चालत्या गाडीतून कोणी स्कॅन करत नाही, करूही नये. तिथे मोठ्या अक्षरात नाव आणि नंबर, बस. एसटी स्टँडवर फलक लावणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे माणूस गाडीची वाट बघत अर्धा तास उभा असतो, फोन हातातच असतो. दोन मीटरवरून दिसेल असा २० सेंटिमीटरचा कोड लावा, छातीच्या उंचीवर, उन्हाची तिरीप पडून चमकणार नाही अशा जागी. आणि येता-जाता बघत जा, कोणी त्यावर दुसरा कोड चिकटवलेला नाही ना. असे प्रकार होतात.

अंकातल्या जागेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका गृहउद्योगाची जाहिरात मी एका जाडजूड अंकासाठी लावली. मांडणी सुंदर दिसावी म्हणून कोड डाव्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बसवला. सुट्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, तो झकास चालला. अंक बांधून आला तेव्हा लक्षात आलं, की ती बाजू शिवणीची आहे. जाड अंकाचं पान तिथे वळतं, आत खोल जातं, आणि कोडाचा एक कोपरा त्या वळणात गडप झाला. दोन हातांनी अंक दाबून धरला तर फोन धरायला तिसरा हात हवा! त्या बाईंचे डिझाइनचे पैसे मी परत केले. त्यांची दिवाळी मात्र परत आणता आली नाही, आणि ते मला आजही लागतं. तेव्हापासून मी संपादकांना आधी विचारतो, जाहिरात डाव्या पानावर आहे की उजव्या. उत्तर 'अजून ठरलं नाही' असं आलं तर कोड मध्यावर घेतो. तुमचा कोड सुदैवानं बाहेरच्या बाजूला होता.

फोन नंबर काढू नका, त्या मुलानं काहीही सांगितलं तरी. पत्रकाचा फोटो काढून लोक सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. तो फोटो ज्या फोनवर दिसतो त्याच फोननं त्यातला कोड कसा स्कॅन करायचा, हे फार थोड्यांना जमतं. तिथे उपयोगी पडतो तो ठळक छापलेला नंबर. शिवाय बेदाणा, मनुका, दिवाळीचं सामान यांचा निर्णय आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून आजी-आई घेतात, आणि त्यांना फोनवर बोलून खात्री करून घ्यायला आवडतं. अकरा जणांनी तेच केलं ना? कोड हा नंबरला जोड म्हणून हवा.

पैसे वसूल झाले का, हे मालक विचारणारच, तर त्याची सोय आधीच करून ठेवा. दिवाळी अंक, पत्रक आणि पाकीट यांना वेगवेगळी उपनावं दिलीत, की कुठून किती जण आले ते आपोआप वेगळं मोजलं जाईल. पण नुसत्या स्कॅनच्या आकड्यावर खूश किंवा नाराज होऊ नका. वहीत तीन रकाने आखा: किती जण आले, किती जणांनी बोलणं केलं, किती किलो गेले. पन्नास जण आले आणि दोनच बोलले तर कोड चांगला आहे, पान किंवा भाव यांत काहीतरी खटकतंय. पाच आले आणि चौघांनी घेतलं तर पान चांगलं आहे, जाहिरात कमी लोकांना दिसतेय किंवा ओळ नीट नाही. फोनवर येणाऱ्यांनाही 'आमच्याबद्दल कुठे वाचलंत?' एवढं विचारून त्याच वहीत टिपा.

खरं सांगायचं तर तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा कोड जाहिरातीतला नाहीच, तो पाकिटावरचा आहे, आणि तो तुम्ही छापलेलाच नाही! बेदाणा संपत आलेला असतो, चव जिभेवर असते, पाकीट हातात असतं. त्याच वेळी मागच्या बाजूला 'पुन्हा मागवा' असा कोड दिसला तर माणूस ओट्याशी उभ्या उभ्या मागवतो. पाकीट सुरकुततं, हाताळून घासलं जातं, म्हणून तिथे दुरुस्तीची २५ टक्क्यांची पायरी घ्या आणि कोड सपाट बाजूला, सीलच्या जोडापासून दूर छापा. चकचकीत प्लास्टिकवर उजेड परावर्तित होतो, त्यापेक्षा मॅट कागदाचं लेबल लावलेलं बरं. सध्याची पाकिटं शिल्लक असतील तर त्यांवर नुसती लेबलं चिकटवली तरी चालेल. ही सुरुवात तुम्ही या महिन्यातच करू शकता.

तपासणी कशी करायची तेवढं सांगतो. संगणकाच्या पडद्यावर धरून कोड तपासला तर तो नेहमीच चालतो, त्यावर विसंबू नका. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, त्याच आकारात एक प्रूफ मागा. घरातले तीन फोन घ्या, त्यांत एक जुना, काच तडकलेला असू द्या. संध्याकाळी दिवा लावल्यावर, कागद एका हातात धरून, थोडा वाकवून बघा. घरच्या वायफायवर बघून झालं की ते बंद करून मोबाइलच्या नेटवर बघा. मग पंधरा दिवस थांबा आणि तोच कागद पुन्हा स्कॅन करा. मुदतीचा कोड असेल तर तो बहुधा या पंधरा दिवसांत उघडा पडतो, प्रेसला जायच्या आधी.

दिवाळी अंकवाले गणपतीच्या आसपास जाहिराती मागायला लागतात. डोमेन त्याआधी, जून-जुलैतच घेऊन ठेवा, म्हणजे तपासायला वेळ मिळेल. आणि त्याच्याही आधी एक काम आहे. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या शेडवर माल वाळायला पडेल, तेव्हा सकाळच्या उजेडात एक फोटो काढा: जाळीवर पसरलेली द्राक्षं, शेजारी माल निवडायला बसलेल्या तुम्ही. कोड उघडल्यावर सगळ्यात वर तोच फोटो दिसू द्या. आणि लेबलाचं प्रूफ आलं की मला पोस्टानं एक पाठवा, मी इथे माझ्या जुन्या फोनवर तपासून लगेच कळवतो.